मशेरीपर्यंत पोहोचायला हवे

मागच्या रांगांत बसलेल्या आरोग्यसेविका ताईंनो,

तुम्ही मागे बसला आहात, पण आज मला मुख्यतः तुमच्याशीच बोलायचे आहे.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. यातल्या कोणत्याही स्थानकाबाहेर उभे राहा. एका बाजूला उंच सोसायट्या, दुसऱ्या बाजूला चाळी आणि झोपड्या. पिन कोड एकच, पण आजारपणाचा भार सारखा नाही. या तफावतीत तंबाखूचा वाटा मोठा आहे, आणि तो आपण पुरेशा ठामपणे मांडत नाही. संशोधक प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये इंग्लंड-वेल्स, पोलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या 35 ते 69 वयाच्या पुरुषांचे मृत्यू तपासले. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या थरांतल्या मृत्युदरांत जो फरक होता, त्यातला निम्म्याहून अधिक धूम्रपानामुळे होता.

आपल्याकडचे चित्र डॉ. प्रकाश गुप्ता यांनी त्याआधीच समोर आणले होते. नव्वदच्या दशकात त्यांच्या पथकाने मतदारयाद्या हाती घेऊन मुंबईत घरोघरी माहिती गोळा केली. त्यातल्या 35 वर्षांवरील 81 हजारांहून अधिक जणांच्या माहितीचे विश्लेषण 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. पदवीपर्यंत शिकलेल्यांच्या तुलनेत निरक्षर पुरुषांत तंबाखूसेवनाची शक्यता सातपटीहून जास्त निघाली. स्त्रियांत ती सुमारे वीसपट होती. वीसपट! शिक्षणाची दरी शरीरात इतकी खोल उतरलेली मी दुसऱ्या कुठल्या सवयीत पाहिलेली नाही. हा अभ्यास मूळ शहरातला होता, त्यात उपनगरे नव्हती. आपल्या उपनगरांतल्या के पूर्व, आर मध्य, टी आणि एन वॉर्डांचे वस्तीनिहाय आकडे आपल्या हाती असलेच पाहिजेत.

आणि तंबाखू म्हणजे कोणती? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे होते अवघे 3.8 टक्के. धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. आपल्या पाट्या मात्र बहुतेक धुरावरच बोलतात. कार्यालयातल्या सिगारेटला आपण बऱ्यापैकी आळा घातला, याचा मला आनंदच आहे. पण बांधकामावरच्या मजुराचा चुना-तंबाखूचा बार आणि घरकामाला निघालेल्या बाईची मशेरी तशीच राहिली.

मशेरीवर मी जरा थांबणार आहे. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची. दात दुखतात म्हणून सुरू होते, पुढे त्याशिवाय पोट साफ होत नाही असे वाटू लागते, मग दुपारची भूक मारण्यासाठीही डबी उघडते. चार घरची धुणीभांडी उरकणाऱ्या बाईला जेवायला वेळ नसतो, त्या वेळी हीच डबी हाताशी असते. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर विचारतात, ‘तंबाखू खाता का?’ ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते, कारण ती खात नाही, लावते. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते आणि तिच्यापुरते तंबाखू नियंत्रण तिथेच संपते.

याची किंमत पुढची पिढी जन्माआधीच मोजू लागते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतल्या आठ आरोग्य केंद्रांच्या परिसरातील 1,217 गर्भवतींची नोंद होती. तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मशेरीच लावत होत्या. इतर कारणांचा परिणाम वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाला हे 105 ग्रॅम परवडणारे नाहीत.

कायदा आहे. 2003 चा केंद्रीय कायदा शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूच्या विक्रीला मनाई करतो. जुलै 2012 पासून महाराष्ट्रात गुटख्याला बंदी आहे. पण साधी तंबाखू बंदीबाहेर आहे आणि स्वस्त आहे. दाट वस्तीत शाळेची भिंत आणि टपरी यांत गल्लीचेच अंतर असते. तिथे कारवाई व्हावी, हे माझे स्पष्ट मत आहे. मात्र टपरीवालाही त्याच वस्तीत राहतो. फक्त त्याचाच माल जप्त होतो आणि पुरवठादार मोकळा राहतो, तेव्हा लोक आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मुखाच्या कर्करोगाचा रुग्ण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचतो तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. मुलुंडहून परळ म्हणजे लोकलचा साधा प्रवास, पण रोजंदारीवाल्याला एकेका फेरीला एकेक दिवसाची मजुरी सोडावी लागते. जिभेखालचा पांढरा चट्टा दुखत नाही, मग त्यासाठी मजुरी कोण बुडवील? तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. 2005 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. हे केरळमध्येच जमते असे कुणी म्हणू नये. टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्याच झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या महिलांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन गर्भाशयमुखाची तपासणी करायला लावली. त्या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी उतरले.

म्हणून ताईंनो, तुमच्या हातात विजेरी आणि नोंदवही द्यावी, आणि त्या जादा कामाचा जादा मोबदलाही द्यावा, ही माझी पहिली मागणी आहे. गर्भवतीच्या पहिल्याच नोंदणीत ‘मशेरी लावता का?’ हा प्रश्न छापील असावा. तंबाखू सोडवणारे समुपदेशन बाई कामावरून परतते त्या वेळी, म्हणजे संध्याकाळच्या दवाखान्यात मिळावे. 1800-11-2356 हा मोफत मदतक्रमांक तिथल्या भिंतीवर ठळक मराठीत लिहावा. कूपर, राजावाडी आणि महापालिकेच्या इतर उपनगरी रुग्णालयांत संशयित चट्ट्याची बायोप्सी त्याच आठवड्यात व्हावी. निधीची वाटणी करताना ज्या वस्तीत मशेरी जास्त, तिला आधी द्यावे. सर्व वॉर्डांना सारखे वाटून ही दरी बुजणार नाही. दुपारच्या सत्रात या मागण्या ठराव म्हणून मी मांडणार आहे. त्यांतल्या शब्दांवर आरोग्यसेविकांनी सर्वांत आधी बोलावे, अशी माझी विनंती आहे.