सभासदांची नोंदवही आणि आपली जबाबदारी
(वार्षिक संमेलनात कार्यकारी मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



सभासदांची नोंदवही संगणकावर न्यावी आणि वर्गणी ऑनलाइन स्वीकारावी, हा आपला ठराव योग्यच होय. परंतु त्यासाठी सॉफ्टवेअर निवडताना आमची एकदा फसगत झाली, ती आपणांपासून लपविणे उचित नव्हे. पहिल्या वर्षीचे अल्प शुल्क दुसऱ्या वर्षी दुप्पट झाले. आणि व्यवहार थांबवितो म्हणताच यादी परत देण्यास टाळाटाळ झाली. अखेर कार्यकर्त्यांनी रात्री जागून जुन्या वह्यांवरून ती पुन्हा उतरविली.

या अनुभवातून धोक्याच्या काही खुणा आम्हांस कळल्या. जो विक्रेता एकूण खर्च लेखी देत नाही, वापरून पाहण्यास मुदत देत नाही, आजच सही करा म्हणून घाई करतो आणि संपूर्ण यादी एक्सेलमध्ये काढून घेण्याची सोय प्रत्यक्ष दाखवीत नाही, त्यास दुरूनच नमस्कार करावा. तसेच पासवर्ड एकट्या चिटणीसांपाशी नसावा.

या नोंदवहीत आपल्या उपवर मुलामुलींच्या जन्मतारखा, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक आहेत. माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे सोपविले, तरी तिची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संस्थेवरच ठेविली आहे. सभासदांनी ही माहिती मंडळावर विश्वासून दिली आहे. म्हणून पुढील करार सर्वसाधारण सभेपुढे वाचून दाखविल्यावाचून आम्ही सही करणार नाही, एवढे आश्वासन देऊन आपली रजा घेतो.