स्लायडर कुठे ठेवायचा?



आकडेवारीचे अहवाल नुसते वाचता नव्हे, तर हाताळताही यावेत असा वेब-मंच कसा बांधावा, हा आजचा विषय. पत्रिकेत तो वाचून ज्यांनी आज घरीच थांबायचं ठरवलं, त्यांना मी दोष देणार नाही. जे आलात त्यांच्यासाठी संगणक थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि एका शोधनिबंधाची हकीकत सांगतो.

२०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं, की विकसित देशांची सरासरी वाढ शून्याखाली जाते : उणे ०.१ टक्का. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या राजकारण्यांनी तो निष्कर्ष उचलून धरला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी तेच गणित पुन्हा करायला बसला आणि त्याला ते उत्तर काही येईना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली. त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवं. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. २०१३ साली हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी आपला आकडा जाहीर केला : अधिक २.२ टक्के.

वर्तमानपत्रांनी सुटलेल्या ओळींची भरपूर थट्टा केली. पण एवढ्या फरकात त्या ओळींचा वाटा थोडा होता. मोठा वाटा होता काही वर्षं वगळण्याचा आणि भारांकनाचा. लेखकांनी प्रत्येक देशाला सारखं वजन दिलं होतं. त्यामुळे ब्रिटनची सरासरी २.४ टक्के वाढीची १९ वर्षं आणि न्यूझीलंडचं उणे ७.६ टक्क्यांचं एकटं १९५१ साल एकाच तोलाचं ठरलं. याला चूक म्हणावं का, यावर वाद घालता येईल. सूत्रातली गफलत ही गफलत असते. भारांकन हा मात्र लेखकांनी घेतलेला निर्णय होता, आणि छापील तक्त्यात वाचकाला तो बदलून पाहता येत नव्हता.

आता मंचाकडे येऊ. 'इंटरॅक्टिव्ह' म्हणून आज जे आपल्यापुढे येतं, त्यात आलेखावर बोट ठेवलं की आकडा उमटतो, नकाशा मोठा होतो, रंग बदलतात. माझ्या लेखी ही सगळी सजावट. स्लायडर, म्हणजे आकडा कमीजास्त करण्याची सरकती कळ, हवा तो वादाच्या जागी. वजन देशाला द्यायचं की वर्षाला? वगळलेली वर्षं परत घेतली तर? ९० टक्क्यांची रेषा ८० वर आणली तर? अहवाल चढवताना मंचाने लेखकाला विचारावं, 'तुम्ही कुठे कुठे निवड केलीत?' आणि त्या प्रत्येक निवडीची कळ वाचकाच्या हाती द्यावी.

यासाठी गणित अहवालाच्या आतच असायला हवं. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ साली सुरू केलेल्या आयपायथन या प्रणालीतून २०१४ साली ज्युपिटर प्रकल्प निघाला. त्याच्या नोटबुकमध्ये मजकूर, कोड आणि आलेख एकाखाली एक येतात. सोय मोठीच. पण यातले कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. लेखक वरचा कप्पा बदलतो किंवा पुसतो आणि खाली जुनंच उत्तर ऐटीत बसून राहतं. कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरच्या सुमारे १४ लाख नोटबुकांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात जी चालवून पाहिली, त्यांपैकी साधारण २४ टक्केच विनातक्रार चालली. पूर्वीचंच उत्तर दिलं ते जेमतेम ४ टक्क्यांनी!

माइक बोस्टॉक यांच्या ऑब्झर्व्हेबल या नोटबुक-मंचाने यावर वेगळी वाट काढली. तिथे एक कप्पा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप नव्याने मोजले जातात. ज्युपिटरवर मंच उभारायचा असेल, तर मी एक जाचक नियम सुचवेन. 'प्रसिद्ध करा' दाबलं, की अहवाल कोऱ्या यंत्रावर वरपासून खालपर्यंत चालावा, आणि अडला तर प्रसिद्ध होऊ नये. लोक चिडतील. चिडू द्यावं. गणित तासन् तास चालणारं असेल, तर या नियमातून सवलत देऊ, पण ती अहवालाच्या माथ्यावर लिहून.

गणित चालवायचं कुठे, हा पैशाचा प्रश्न. सर्व्हरवर चालवलं, तर गर्दीबरोबर बिल वाढतं. पायोडाइड या साधनामुळे आता पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थेट वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते, पण त्यासाठी आधी बरेच मेगाबाइट उतरवावे लागतात, आणि आपला वाचक तर साध्या मोबाइलवर असतो. म्हणून आधी लेखकाचं तयार उत्तर दाखवावं. वाचकाने कळ हलवली, तरच यंत्रणा जागी व्हावी. परक्याचा कोड आपल्या ब्राउझरमध्ये चालणार, तेव्हा त्याचा हात वाचकाच्या खात्यापर्यंत पोचू नये म्हणून लॉगिन एका डोमेनवर आणि अहवाल दुसऱ्या, हे पथ्यही पाळावंच. आणि कृपा करून मराठी वाचकाला 'वन पॉइंट टू एम' दाखवू नका. सरळ १२ लाख लिहा.

शेवटचा मुद्दा मंचाच्या आयुष्याचा. आयबीएमने २००७ साली 'मेनी आइज' हा असाच सार्वजनिक मंच काढला आणि २०१५ साली बंद केला. २०२० संपताना ब्राउझरमध्ये हलती चित्रं दाखवणारं फ्लॅश गेलं आणि वृत्तपत्रांचे कितीतरी हलते आलेख मुके झाले. आपल्याकडे स्वयंसेवकांनी चालवलेलं कोविड१९इंडिया हे संकेतस्थळ ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी थांबलं. राज्यांची बुलेटिनं चाळून जमवलेले त्यांचे आकडे मात्र सुरुवातीपासून फाइलींच्या रूपात खुले होते, त्यामुळे इतरांना ते उतरवून घेता आले. नवा मंच आखताना 'सगळं उतरवून घ्या' हे बटण मी पहिल्या महिन्याच्या कामांत धरतो. मंच बंद करायच्या आठवड्यात ते करू म्हटलं, तर तेव्हा पगारावर कोणी उरलेलं नसतं.

आता तुमचे प्रश्न घेतो.