नवांचा ताळा आणि डेम्लो संख्या



कामगार चळवळीतल्या माणसाने गणितावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेबाहेर झाले. गणित शिकविले ते हजेरीपटाने.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ६३ रुपये रोजाने २६ दिवस भरलेल्या एका कामगाराचा पगार १६३८ रुपये व्हावयाचा, तो पत्रकावर १३६८ पडला. आम्ही नवांचा ताळा घेतला. तो जुळला. 'हिशेब बरोबर आहे,' असे छातीठोकपणे सांगून मोकळे झालो. त्या गृहस्थाने रात्री घरी एकेक रोज मांडून पाहिला आणि सकाळी पाकीट आमच्यापुढे ठेवले. २७० रुपये कमी! पैसे पुढे मिळाले; पण त्याची नजर आम्ही विसरलो नाही.

असे का झाले? दहातून नऊ काढले की एक उरतो. शंभरातून नव्याण्णव काढले तरी एकच. म्हणून ताळा अंक ओळखतो, अंकाची जागा ओळखत नाही. आणि पगारात तर सारी किंमत जागेचीच!

हे कोडे उकलताना आम्हांस दत्तात्रय रामचंद्र कापरेकर भेटले, अर्थात ग्रंथांतून. ते १९०५ मध्ये डहाणूस जन्मले आणि देवळालीस शाळामास्तर होते. १९२७ साली त्यांना गणिताचे पारितोषिक मिळाले, ते आपल्या दापोली तालुक्यातील मुर्डीच्या रँग्लर परांजप्यांच्या नावाचे. डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव दिले.

नऊ एके ओळीने मांडा आणि त्या संख्येचा वर्ग करा. येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढण, मग उतरण. अंकांची बेरीज ८१. नऊ एक्यांच्या संख्येस ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गास ८१ ने जातो. आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले.

आता शेवटचे २ आणि १ यांची अदलाबदल करा. बेरीज तीच ८१, नवांचा ताळाही जुळतो. परंतु संख्या नवाने कमी झाली, म्हणून ८१ चा भाग तुटला. हर्ष गेला! सतरा अंकांच्या संख्येत दोघांनी जागा बदलली, एवढेच.

ताळा चुकला तर हिशेब चूक, हे निश्चित. ताळा जुळला तर हिशेब बरोबर, हे मात्र निश्चित नाही. एवढे शहाणपण आम्हांस एका कामगाराच्या २७० रुपयांनी शिकविले. तेव्हापासून आम्ही ताळाही घेतो आणि रोजही मोजतो. आपणही घरचे बिल तसेच तपासा, एवढे सांगून रजा घेतो.