उजनीच्या काठावर अणुभट्टी? भिगवणच्या टपरीवरचा एक प्रश्न

कानात हेडफोन असतील, कुणी एसटीत असाल, कुणी गोठ्यात. आजचा विषय जरा जड वाटेल, पण सुरुवात आपल्या घरातूनच करतो.

आमचं रान इंदापूर तालुक्यात. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की आण्णा एक वाजता उठणार, बॅटरी घेणार, बांधावरून विहिरीकडं जाणार. वय 63. गेल्या वर्षी बारे देताना पायाशी नाग होता. वाचले. त्या दिवसापासून लाईट हा माझ्यासाठी अभ्यासक्रमातला विषय राहिलेला नाही.

तर मागच्या महिन्यात भिगवणला चहा पिताना एक मित्र म्हणाला, "एवढं पाणी आहे उजनीचं, टाका की एक अणुभट्टी. चोवीस तास लाईट!" सगळे हसले. मी पण हसलो. पण घरी आल्यावर वाटलं, हसण्यासारखं काय आहे त्यात? आपला देश अणुवीज करतोच आहे. मग इथं का नको, किंवा का हवी? मी चार प्रश्न विचारून बघितले. कुठल्याही विकसनशील देशानं अणुवीज घ्यायची का, हे ठरवताना हेच चार प्रश्न येतात.

पहिला प्रश्न, ग्रीडला पेलतंय का? एकच संच एकूण ग्रीडच्या दहा टक्क्यांपेक्षा मोठा नसावा, असा जगभर ठोकताळा आहे. कारण सोपं आहे. संच अचानक बंद पडला तर सगळा देश अंधारात जायला नको. छोट्या देशांची पहिली अडचण इथंच होते. आपली नाही. मे 2024 मध्ये देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली होती. त्यात 700 मेगावॅटचा संच म्हणजे उसाच्या फडातलं एक कांडं. या परीक्षेत आपण पास.

दुसरा प्रश्न, पाणी. इथं मला धक्का बसला. मला वाटायचं अणुभट्टी धरणच पिऊन टाकत असेल. मनोरे लावून थंड केलेलं केंद्र एका युनिटमागं साधारण अडीच लिटर पाणी वाफ करून घालवतं. 700 मेगावॅटचा संच वर्षभर नीट चालला तर हिशोब होतो जेमतेम अर्धा टीएमसी. आता आपला ऊस बघा. पाटपाण्यावरच्या एका एकराला वर्षाला सुमारे एक कोटी लिटर लागतं. म्हणजे अख्खी अणुभट्टी तेराशे एकर उसाएवढं पाणी पिते. आपल्याकडं तेवढा ऊस दोन-चार गावांच्या शिवारात असतो!

मग अडचण काय? अडचण हमीची आहे. ऊस वाळला तर नुकसान होतं, शेतकरी रडतो. पण अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन लगेच गार होत नाही, त्याला पाणी द्यावंच लागतं. 2011 ला फुकुशिमात नेमकं हेच झालं. भट्ट्या बंद झाल्या होत्या, पण त्सुनामीनं पंपांची वीज गेली आणि इंधन वितळलं. आता उजनी आठवा. 117 टीएमसीचं धरण, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. त्याच पाण्यावर सोलापूरचं एनटीपीसीचं कोळशाचं केंद्र आहे, शहरं आहेत, कारखाने आहेत. आणि 2021 मध्ये इंदापूरला पाच टीएमसी द्यायचा निर्णय झाला तेव्हा सोलापूर जिल्हा कसा पेटला, शेवटी तो आदेश कसा रद्द झाला, हे आपण बघितलंय. अणुभट्टीला मात्र दुष्काळातही "तुमचा नंबर पहिला" असं लिहून द्यावं लागेल. कोण देणार?

नदीकाठी अणुभट्टी होतच नाही असं नाही बरं का. गुजरातेत तापीवर काक्रापार आहे, गंगेकाठी नरोरा आहे. पण तापी आणि भीमा यात फरक आहे.

तिसरा प्रश्न, पैसा आणि वेळ. 2017 मध्ये केंद्रानं दहा स्वदेशी भट्ट्या मंजूर केल्या. 7 हजार मेगावॅट, 1 लाख 5 हजार कोटी. म्हणजे मेगावॅटला 15 कोटी. सोलरला चार-पाच कोटी पुरतात. लगेच म्हणाल, संपला विषय. थांबा. सोलर दिवसरात्र धरून सरासरी पाचव्या हिश्शानंच चालतं, अणुभट्टी 85 टक्के चालू शकते. तेवढीच युनिटं काढायची तर दोघांचा सुरुवातीचा खर्च फार लांब राहत नाही.

खरा फरक वेळेचा. काक्रापारच्या तिसऱ्या संचाचं काम 2010 ला सुरू झालं, व्यापारी वीज 2023 ला. फ्रान्ससारख्या मुरलेल्या देशात फ्लामानव्हिलची भट्टी 2007 ला सुरू केली, ती 2024 च्या डिसेंबरात ग्रीडला जोडली. तोवर व्याज चालूच. फिलिपाइन्सनं बातानला भट्टी बांधली, पण एक युनिटही वीज न काढता ती बंद ठेवली. कर्ज मात्र 2007 पर्यंत फेडत बसले. गरीब देशाची भीती स्फोटापेक्षा जास्त ही असते.

चौथा प्रश्न, माणसं. महाराष्ट्राला हा अनुभव जुना आहे. तारापूर 1969 पासून वीज देतंय, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पण 1974 च्या पोखरणनंतर अमेरिकेनं इंधनाला खळखळ केली, म्हणजे परावलंबनाचा धडा तिथंच मिळाला. पुढं तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा भट्ट्यांचं ठरलं. 2011 मध्ये साखरी नाटेत आंदोलनावर गोळीबार झाला, एक जण गेला. आज इतक्या वर्षांनीही तिथं भट्टी उभी नाही.

आता नकाशावर भिगवणभोवती 16 किलोमीटरचं वर्तुळ काढा. आणीबाणीत लोक हलवायची योजना तेवढ्या परिघासाठी तयार ठेवावी लागते. त्यात इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत, चार तालुक्यांची गावं येतात. उजनीसाठी आपली माणसं एकदा उठलीत. पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा आमची आज्जी अजून हात जोडते.

मग माझं मत काय? उजनीवर नको. पण अणुवीजच नको, असं मी म्हणणार नाही. रात्री दवाखाना, एमआयडीसी, शहरं चालवायला कोळसा जाळत राहायचा का, हाही प्रश्न आहेच. समुद्राकाठी किंवा बारमाही खात्रीच्या पाण्यावर, लोकांना विश्वासात घेऊन, वेळेत होत असेल तर जरूर व्हावी. देशानं 2047 पर्यंत 100 गिगावॅटचं लक्ष्य ठेवलंय, आज आहे नऊ गिगावॅटच्याही आत. म्हणजे ते काम आपल्या पोरांच्या पिढीचं आहे.

पण आण्णांना तेरा वर्षं थांबायला सांगू का? त्यांना रात्रीची वीजच नकोय, त्यांना दिवसाची हवीय! मोटार दुपारी बाराला चालली तर कुणाला रात्री उठायचंय? त्यासाठी अणुभट्टी लागत नाही. गावाच्या सबस्टेशनजवळ सोलर लागतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे, आणि तिथली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. गाळपाच्या काळात आपल्या साखर कारखान्यांचं कोजन रात्रीही वीज देतं, ते वेगळंच.

म्हणून एक काम करा. ग्रामसभेत विचारा, आपला फीडर सोलरवर कधी जाणार? जागा कुठली, तारीख कुठली? मीही विचारलंय. उत्तर मिळालं की इथंच सांगेन.

या आठवड्यात आमची रात्रीची पाळी आहे. एकचा गजर मी माझ्या मोबाईलला लावलाय, आण्णांच्या नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रात्री रानात जाताना पायात गमबूट घाला.