सराईतले सूर : परदेशांतील लोकसंगीत-परिषदा आणि आपण



दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी विद्यालयाचा ऋणी आहे. आजचा विषय परदेशांत भरणाऱ्या लोकसंगीताच्या परिषदांचा आहे. मराठीच्या प्राध्यापकाने संगीताच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. परंतु ओवी, पोवाडा, लावणी, भारूड या साऱ्या गाण्यासाठीच जन्मलेल्या रचना होत. छापील पानावर त्यांचा अर्धाच देह आपल्या हाती लागतो. त्या आज कोठे, कोणापुढे आणि कोणत्या अटींवर गायिल्या जातात, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे.

आणि बऱ्हाणपुरास तर हा विषय मुळीच परका नाही. सुरतेहून आग्र्यास जाणारा व्यापारी मार्ग याच गावावरून जात असे. त्या मार्गाने कापड आणि नीळ गेली, तसे सूरही गेले. शाह बहाउद्दीन ‘बाजन’ हे सूफी संत येथलेच. त्यांनी आपली भक्तिपदे रागांत बांधली. सोळाव्या शतकात कर्नाटकातून आलेला पुंडरीक विठ्ठल हा पंडित येथे फारुकी राजा बुऱ्हाणखान याच्या आश्रयास राहिला आणि ‘सद्रागचंद्रोदय’ हा ग्रंथ त्याने रचला. दक्षिणेची शास्त्रदृष्टी घेऊन आलेल्या या पंडिताने उत्तरेकडील रागांची व्यवस्था लावण्याचा प्रयत्न केला. पुढे तो उत्तरेत राजपूत सरदारांच्या आश्रयास गेला आणि ‘रागमंजरी’, ‘नर्तननिर्णय’ हे ग्रंथ त्याने लिहिले. दूरचे कलावंत व जाणते एका गावी भेटतात, एकमेकांचे ऐकतात आणि काहीतरी घेऊन पुढे निघतात. ‘परिषद’ हा शब्द न उच्चारता हे काम आपल्या या गावाने केलेले आहे.

युरोपात या कार्याला संस्थेचे रूप आले ते 1947 साली. त्या वर्षी लंडन येथे आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषद स्थापन झाली. मॉड कार्पेलेस या विदुषी तिच्या प्रमुख आधारस्तंभ होत्या आणि राल्फ व्हॉन विल्यम्स हे संगीतरचनाकार पहिले अध्यक्ष. ही मुख्यतः अभ्यासकांची संस्था. लोकगायक हा तेथे बहुधा अभ्यासाचा विषय असे. बोलणारा दुसराच कोणी.

पुढे बाजार आला. 1987 साली लंडनमधील एका मद्यगृहात काही ध्वनिमुद्रिका-व्यावसायिक जमले. दुकानात या तबकड्या कोणत्या फळीवर ठेवाव्यात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यातून ‘वर्ल्ड म्युझिक’ ही पाटी निश्चित झाली. 1989 साली उत्तर अमेरिकेत ‘फोक अलायन्स’ ही संघटना उभी राहिली आणि 1994 साली बर्लिन येथे ‘वोमेक्स’ हा मेळावा प्रथम भरला. ‘रूट्स म्युझिक’, म्हणजे मुळांचे संगीत, हा शब्दही आता तिकडे रूढ आहे.

या मेळाव्यांचे स्वरूप मोठे मनोवेधक असते. दिवसा चर्चासत्रे आणि भेटीगाठी, रात्री गाणे. महोत्सवांचे आयोजक, ध्वनिमुद्रिका काढणारे, नभोवाणीचे लोक आणि कलावंत एका छपराखाली वावरतात. फोक अलायन्सच्या परिषदेत तर अधिकृत कार्यक्रम संपल्यावर हॉटेलच्या खोल्यांतून मैफली सुरू होतात. छोट्याशा खोलीत दहा-वीस श्रोते दाटीवाटीने बसतात, ध्वनिवर्धक नसतो आणि पहाटेपर्यंत गाणे चालते. गायकाचा श्वासही ऐकू यावा इतकी ती जवळीक असते. आपल्याकडील बैठकीच्या लावणीची किंवा भजनी मंडळाच्या जागराची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. शिवाय एका देशाचा वादक दुसऱ्या देशाच्या वादकाशेजारी बसतो, भाषा येत नसताही ठेका जुळतो, आणि पुढील वर्षाचा दौरा त्या ओळखीतून ठरतो. ओळखी जोडणे ही येथे हलकी गोष्ट मानू नये. ज्याच्या पाठीशी दरबार नाही आणि जत्राही रोडावल्या आहेत, त्या कलावंताचे पोट अशा ओळखींवर चालू शकते.

आपल्या मंडळींनीही परदेशाची वाट चोखाळलेली आहे. ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचणारे शाहीर अण्णाभाऊ साठे 1961 साली रशियास गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. 1980 साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘घाशीराम कोतवाल’ युरोपात नेले. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत, आणि त्यात कीर्तन, दशावतार, तमाशा यांचे रक्त मिसळलेले. 1982 साली हबीब तन्वीर यांनी ‘चरणदास चोर’ एडिंबरो येथे सादर केले. त्यातील बहुतेक नट तेव्हाच्या आपल्या मध्य प्रदेशातील छत्तीसगढी खेड्यांतले. ते आपल्याच बोलीत बोलले, आपल्याच चालीत गायिले आणि तेथील ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार त्या प्रयोगाला मिळाला. परक्या श्रोत्यासाठी बोली सोडावी लागत नाही, हे त्या खेडुतांनी सिद्ध करून दाखविले.

तथापि या नाण्याची दुसरी बाजू पाहणे अगत्याचे आहे. अशा मेळाव्यात कलावंताला मिळतो तो वेळ बहुधा वीस-पंचवीस मिनिटांचा, फार तर पाऊण तासाचा. आपला गोंधळ घ्या. चौक मांडायचा, गावोगावच्या दैवतांना आवाहन करायचे, मग आख्यान लावायचे, दिवटी नाचवायची आणि पहाटे आरती करायची. त्याला यजमानाचे घर लागते, लग्नकार्याचा प्रसंग लागतो, रात्र लागते. वीस मिनिटांत यातून उरतो तो संबळाचा कडकडाट. श्रोता टाळ्या वाजवितो, त्या खऱ्याच असतात. पण तो गोंधळ ऐकत नसतो, गोंधळातील एक वाद्य ऐकत असतो. डॉ. अशोक रानडे यांनी संगीताच्या कोटी लावताना लोकसंगीत आणि जनसंगीत वेगळे मानले, त्याचे मर्म मला येथे उमगते. सूर तोच असला तरी प्रसंग आणि श्रोता बदलला, की संगीताची जातच बदलते.

दुसरा प्रश्न नावाचा. कलावंत आणि आयोजक यांच्यामध्ये एक जाणकार उभा असतो. तो इंग्रजी बोलतो, करार वाचतो. तो प्रामाणिक असेल तर कलावंताचे भाग्य. नसेल तर तबकडीवर मध्यस्थाचे नाव मोठे आणि गाणारी ‘एक ग्रामीण स्त्री’ एवढीच उरते.

याउलट एक उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी मुळशीच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. गाणारीचे नाव आणि गाव यांची नोंद ठेवण्यात आली. 2017 पासून ‘परी’ या संकेतस्थळावरून त्या ओव्या जगापुढे येत आहेत. गाणारीने घर सोडले नाही, ओवी तोडली नाही, नावही गमावले नाही. तरी जगाने तिला ऐकले.

मेळाव्यांना जाऊच नये, असे मी मुळीच म्हणत नाही. मात्र जाणाऱ्याच्या मागे घरी ऐकणारे असले पाहिजेत. घरचा श्रोता उठून गेला, तर वीस मिनिटांचा नमुना हेच संपूर्ण गाणे ठरेल, आणि पुढच्या पिढीतील गायक तेवढेच शिकेल. ही भीती मला खरी वाटते.

म्हणून या विद्यालयाला एक विनंती करतो. बऱ्हाणपुरात मराठी, निमाडी, गुजराती, उर्दू अशी घरे शेजारी नांदतात. जिल्ह्यात कोरकूंच्या वस्त्या आहेत. वर्षातून एक रात्र या प्रांगणात त्यांच्या गाण्यासाठी राखून ठेवा. गाणाऱ्याला घड्याळ दाखवू नका. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीचे, शेजारच्या मावशीचे गाणे ध्वनिमुद्रित करावे. गाणारीचे नाव, गाव, प्रसंग आणि तारीख लिहावी. आणि त्याची एक प्रत तिच्या घरी नेऊन द्यावी. माजी विद्यार्थी पुण्यामुंबईस आहेत, सातासमुद्रापारही आहेत. त्यांच्या ओळखी या गाण्याच्या कामी येवोत. उद्या येथली एखादी गायिका परदेशी व्यासपीठावर उभी राहिली, तर तिच्यामागे ही रात्र असेल.