पडद्यापलीकडचे आचार्यत्व

(शिक्षकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



'उपनिषद्' या शब्दातच जवळ बसण्याचा अर्थ आहे. ज्ञानाची आपली कल्पना अशी सान्निध्याशी जोडलेली असल्यामुळे ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की, आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. गुरू-शिष्यांत शेकडो कोसांचे अंतर असताना सान्निध्य कसले, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु हे माध्यम नाकारून आता भागणार नाही. आयआयटींनी २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले, २०१७ मध्ये केंद्र शासनाचे 'स्वयम्' आले आणि २०२० च्या टाळेबंदीने ऑनलाइन वर्ग घराघरांत नेला. मेळघाटातील विद्यार्थ्याला आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र व्याख्यान पोहोचले म्हणजे शिक्षक पोहोचला, असे नाही. अमेरिकेतील एमआयटीने २०१२ मध्ये विद्युत परिपथांचा अभ्यासक्रम जगभर विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ५५ हजारांनी नावे नोंदविली. प्रमाणपत्र मिळविले सुमारे ७ हजारांनी. सर्वच जण निश्चयाने आले होते असे नव्हे. पण एवढ्या गर्दीत कोण कोठे अडखळला, हे एकेकाला विचारणे कोणालाही शक्य नव्हते.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी शिक्षकाच्या उपस्थितीची तीन अंगे सांगितली: अभ्यासाची आखणी, चर्चेला वळण देणे आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन. पडद्यावर चेहरा दिसणे म्हणजेच उपस्थिती, असे त्यांनी म्हटलेले नाही. विद्यार्थ्याला शिक्षक दिसतो का, यापेक्षा शिक्षकाला विद्यार्थी दिसतो का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याला हे नवीन नाही. चार दिवस शाखेत न दिसलेल्या बालाच्या घरी गटनायक जातो. तो जाब विचारायला जात नाही, विचारपूस करायला जातो. आपली अनुपस्थिती कोणाच्या तरी लक्षात आली, या एका जाणिवेने मूल परत येते. हाच संपर्क ऑनलाइन वर्गात आणता येईल. आठवड्याच्या प्रारंभी स्वतःच्या शब्दांत चार ओळींचे पत्र पाठवा: या आठवड्यात काय शिकायचे, अवघड काय वाटेल. स्वाध्याय तपासताना केवळ गुण देऊ नका. विद्यार्थ्याचे नाव लिहून एक वाक्य त्याच्या उत्तराविषयी लिहा. शंकांसाठी ठरावीक वेळ द्या आणि ती पाळा. चर्चेत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच देऊ नका. दुसऱ्या विद्यार्थ्याला बोलते करा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे गप्प आहेत त्यांची यादी ठेवा आणि त्यांना दूरध्वनी करा. कोणाच्या घरी एकच मोबाइल असेल, कोणी शेतात राबत असेल. यंत्र त्याची अनुपस्थिती नोंदवील. कारण मात्र माणसानेच विचारावे लागेल.

यासाठी वेळ लागतो. म्हणूनच एका शिक्षकाकडे हजारो विद्यार्थी सोपवून शिक्षण स्वस्त झाल्याचे समाधान मानणाऱ्या व्यवस्थेलाही आपण प्रश्न विचारला पाहिजे.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना वर्षभर राहावयास सांगतात. मग हवे ते विचारा, ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे आश्वासन देतात. आधी सहवास, मग प्रश्न, आणि उत्तरात विनय. साधने बदलली, तरी आचार्याचा हा धर्म बदललेला नाही. तो पाळण्याचा संकल्प आपण करू या.