खारें पाणी आणि पातळ पडदा

पाणी गाळणें म्हणजे धोतराचें चौपदरी फडकें, एवढेंच आम्हां जुन्या माणसांस ठाऊक. पण विरघळलेलें मीठ फडक्यांत अडकत नाहीं. कॅलिफोर्नियांत १९६० च्या सुमारास सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन ह्यांनीं सेल्युलोज ॲसिटेटचा एक पडदा सिद्ध केला. वर सायीसारखा पातळ, घट्ट थर, खालीं सच्छिद्र भाग. एरव्हीं अशा पडद्यांतून गोडें पाणी खाऱ्याकडे ओढलें जातें. खाऱ्या बाजूस पुरेसा दाब दिला कीं ही ओढ उलटते व क्षार मागें राहतात. १९६५ सालीं तेथल्या कोलिंगा गांवीं असें पाणी मिळूं लागलें.

आज घरगुती यंत्रांत बहुधा पॉलिअमाइडचा पडदा असतो. मात्र पेलाभर पाण्यामागें त्याहून अधिक पाणी मोरींत जातें! विहीर खारट असेल तेथें हा खर्च सोसावा. नळाला गोडें पाणी असतां तो मला उधळपट्टीच वाटतो. निदान तें पाणी बादलींत धरावें. फरशी पुसण्यास तें चालतें.